सोमवारचं पेट्रोल

नृसिंहवाडी,
शनिवार, दुपार

प्रिय अनू,

गाडी पंपाच्या कडेला घे आणि आधी हे वाच. पेट्रोल भरू नकोस. पंपावरच्या कशिशला ही चिठ्ठी देताना मी सांगून ठेवणार आहे, तू कितीही म्हणालीस तरी ती तुझ्या गाडीला नळी लावणार नाही. टाकीत थेंब नसेल तर ढकलत ने, पण आज इथं भरू नकोस. का, ते सांगते. माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळं मागचं पुढं होईल. माझ्या अक्षराला हसायची तुला सवय आहे, आज हसू नकोस.

वाडीला घाटाच्या पायरीवर बसून लिहितेय. घरी सांगून आलेय की दत्ताचा नवस फेडायचा आहे. कसला नवस, ते कुणी विचारलं नाही. बाई देवाला निघाली की पुरुष फार खोलात जात नाहीत, तेवढीच आम्हाला मोकळीक. पेन आणि कागद नारळवाल्या बाईकडून मागून घेतले. फोनवर लिहिता आलं असतं तर ही यातायात कशाला केली असती? पण तुझा नवा नंबर माझ्याकडं नाही, आणि माझा फोन रोज संध्याकाळी तुझ्या भावाच्या हातात असतो. राजवीर म्हणतो, "आई, तुला त्यातलं कळत न्हाय, कोणतरी फसवंल." असं म्हणत कुणाकुणाचे फोन आले ते वरखाली करून बघतो. मला सगळं कळतं गं. पण बोलायचं कुणापुढं?

तू आणि खिजर लग्न करून गेलात, त्याच्या मागोमागच तो पेट्रोलचा नियम आला. इन्शुरन्स चालू असल्याचा पुरावा नसेल तर पेट्रोल नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पडद्यावर हिरवं आलं तर नळी सुटते, लाल आलं तर आल्या वाटेनं परत. आपल्या गल्लीत नुसता शिमगा झाला. दुधाच्या किटल्या लावून फिरणाऱ्या गाड्यांना इन्शुरन्स कुठला, निम्म्यांना ब्रेक नव्हते.  तुझ्या वडिलांना उडवणाऱ्या टेम्पोचा इन्शुरन्स नव्हता, आणि आपण कोर्टाच्या पायऱ्या झिजवून रिकाम्या हातानं आलो, हे तुला माहीत आहे. त्यामुळं त्या नियमाला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. पण पुरावा बघितला, पेट्रोल दिलं, तिथं संपावं की नाही? कोण कुठल्या पंपावर किती वाजता उभं होतं, हे गाडीच्या मालकाला कळवायचं कुणी सांगितलं होतं यांना? शेजारच्या धोंडुबाईंच्या नावावर नवऱ्याची गाडी. तो कागलला कामावर जातो म्हणून निघाला आणि मेसेज आला राधानगरी रोडचा. संध्याकाळी अंगणातच त्याची पूजा बांधली बाईनं. गल्ली हसली, मीही हसले. दुसऱ्याच्या घरचं होतं ना.

मग एका सोमवारी गोठ्यात शेण काढत होते आणि माझा फोन वाजला. तुझी गाडी माझ्या नावावर आहे, हे मी विसरूनच गेले होते. त्या दिवाळीला दूध संस्थेचा वर्षाचा फरक, म्हणजे बोनस, मिळाला, त्यातून घेतली, तुला एमआयडीसीत कामाला जायला. संस्थेतलं खातं माझं, म्हणून नाव माझं. मेसेजात गाडीचा नंबर, विमा वैध, पेट्रोल पाऊण लिटर, कुरुंदवाड रोडचा पंप. एवढंच. शेणाच्या हातानं फोन धरला आणि म्हशीच्या अंगावर डोकं ठेवून रडले. तू घर सोडल्यापासून तुझा एक शब्द कानावर नव्हता. लोक काय काय बोलत होते ते तुला कशाला सांगू? तू जिवंत आहेस, गाडीवर बसतेस, सोमवारी बाहेर पडतेस, हे मला एका पेट्रोल पंपानं सांगितलं.

तेव्हापासून सोमवार उजाडला की मी फोन पदराला बांधून फिरायची. मेसेज वाचायची आणि लगेच पुसायची. पुसताना हात जड व्हायचा, पण राजवीरच्या नजरेला पडला असता तर काय झालं असतं? तो आणि तुझे अमरसिंह काका कागलला खिजरच्या घरी जाऊन आले. घरात त्याची आई हुसेनबी एकटी. दारावर लाथा घातल्या, भांडी रस्त्यावर फेकली. "गावला की त्याला पायावर उभा ठेवत न्हाय," असं राजवीर घरी येऊन माझ्यासमोर म्हणाला, आणि काका नुसते सुपारी कातरत होते. तुझं काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायचं धाडस केलं, तर काका म्हणाले, "घरचं घरात मिटवू की."  तुम्ही दोघं सज्ञान, लग्न रजिस्टर, पोलिसांनी तसं लिहूनही दिलं. पण यांना कागद कोण वाचून दाखवणार? आणि हुसेनबी, अनू, तिनं मला फोन केला होता. शिव्या घालायला असेल असं वाटलं. ती म्हणाली, "ताई, पोरं जिती हायत का तेवढं सांगा." मला ठाऊक होतं. तरी मी ठाऊक नाही म्हणाले. एका आईशी दुसरी आई असं खोटं बोलली. जमलं तर तिला काहीतरी कळव गं, माझ्याच्यानं झालं नाही.

मागच्या पौर्णिमेला जाऊबाईंबरोबर वाडीला आले होते. कुरुंदवाडचे पेढे आणते म्हणून त्यांना देवळात बसवलं आणि रिक्षा करून थेट पंपावर. तिथं नळी धरलेली निळ्या शर्टातली पोरगी दिसली, हीच कशिश, तिच्याशी आडून आडून बोलले. गाडीचा नंबर सांगितला तर म्हणते कशी, "संयोगिता विजयसिंह इंगवले? तुमीच व्हय? तुमचं नाव येतंय की पडद्यावर, दर सोमवारी वाचतो आमी." मला कसंतरीच झालं. आपल्या घराच्या दारावर सुद्धा माझं नाव नाही, आणि इथं रस्त्यावरचं कुणीही उभं राहून वाचतंय. कशिशनं सांगितलं की पंपावरच्या एका माणसानं तुला विचारलंही होतं, गाडी कुणाची, ही बाई तुझी कोण. तू म्हणालीस, आई. कशिशनं त्याला पिटाळलं. पोरगी तोंडानं फाटकी आहे पण मनाची चांगली, तिच्यावर भरवसा ठेव. तिच्याकडंच चटणीची बरणी ठेवून आले. पुढच्या सोमवारी नेहमीसारखा मेसेज आला. आणि तासाभरानं दुसरा. तोच पंप, अर्धा लिटर. मी चुलीपुढं एकटीच हसत बसले. बरणी मिळाली, एवढं मला समजलं.

आता घडलं ते सांगते. गाडीचा इन्शुरन्स संपत आला होता. मला झोप लागेना. संपला की तुझ्यापुढं लाल पडदा येणार, मागं लोक खोळंबणार, कुणीतरी गाडीचा फोटो काढणार, कागद मागणार, नाव-गाव विचारणार. म्हणून बाळासो एजंटाकडं गेले आणि पुढच्या वर्षाचा करून घेतला. कुणाला सांगू नका, हे सांगायचं मला सुचलं नाही. सांगितलं असतं तरी त्याच्या पोटात राहिलं नसतं. बिचाऱ्यानं चहाच्या टपरीवर राजवीरला विचारलं, "तुझ्या आईनं स्कुटीचा इन्शुरन्स केला की रं. पोरगी माघारी आली काय?" गाडी तुझ्याच नावावर आहे असं राजवीर आजवर धरून चालला होता.

घरी आला तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी सावध झाले असते. जवळ बसला, माझं आधार कार्ड मागितलं, म्हणाला, "पेन्शनच्या कामाला लागतंय." माझ्या फोनवर सहा आकडे आले. मला म्हणाला, "वाच की मोठ्यानं." मी चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला, अनू. माझ्याच तोंडानं. ते त्यानं स्वतःच्या फोनात टाकले आणि म्हणाला, "झालं. आता गाडीचं मेसेज माझ्या नंबरवर येतील. तुला कटकट नको." आणि भाकरी वाढ म्हणाला. मी वाढली. कुठल्या पंपाचे मेसेज येत होते ते त्यानं खोदून खोदून विचारलं, मी म्हटलं मला वाचता येत नाही इंग्रजी. ते मराठीत येतात हे त्याला पुढच्या मेसेजला कळेलच. काकांची जीप परवापासून आपल्या दारात उभी आहे.

एवढं सगळं कशिश तुला तोंडानं सांगू शकली असती. तरी मी लिहायला बसले, कारण पौर्णिमेला तिनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणाली, "मावशी, तुमची पोरगी येती तवा टाकी भरलेलीच असती. नदीपल्याड सदलग्याकडनं भरून येती. तिकडं कर्नाटकात स्वस्त बी हाय आन् ह्यो कॅमेरा बी न्हाय. तरी सोमवारी हितं येऊन एवढंसं टाकती. ह्यो येडेपणा कशाला, म्हटलं, तर नुसती हसती." इतके दिवस मला वाटत होतं, हाताशी पैसे नसतील म्हणून पोर पाऊण लिटर भरते. परतीच्या एसटीत मी जाऊबाईंच्या शेजारी तोंडात पदर कोंबून बसले होते. म्हणून लिहितेय, बाई. नुसता निरोप दिला तर तू ऐकणार नाहीस. आईच्या जिवाला घोर लागेल म्हणून एखाद्या सोमवारी नदी ओलांडून येशीलच. येऊ नकोस. पलीकडंच भर, पलीकडंच राहा, आणि तू कुठं आहेस ते मलाही कळवू नकोस, मी सहा आकडे वाचून दाखवणारी बाई आहे. तुझी खबर नाही आली तरी मला चालेल, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे, मला नाही चालणार. तरी तू येऊ नकोस. परवा सोमवारी राजवीर दिवसभर फोन हातात घेऊन बसेल, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत बसेन. रात्री तो चिडून ताटावरून उठला, की मी समजेन माझी पोर सुखरूप आहे.

तुझीच,
आई