नवरदेवाचे काका

लाडक्या हेरिन,

लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालीस, "घरात भरवशाची फोटोग्राफर असताना बाहेर कशाला शोधायची?" त्या भरवशातच मी अडकले आहे.

तुझ्या मुयोलला लहानाचं मोठं करणारे काका, ज्यांचे हात धरून आई लग्नात रडली, त्यांना मी तुझ्या लग्नाच्या आधीच्याच शनिवारी, मी काम करते त्या लग्नाच्या हॉलमध्ये पाहिलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याच एका नवरीचे वडील होते. आपल्या देगू शहरात लग्नाला माणसं कमी पडली की भाड्याने मिळतात, हे तुलाही माहीत आहे. आमच्या मॅनेजरबाई बजावतात, "भरवशाचा फोटोग्राफर कुणालाच ओळखत नाही."

घरच्यांच्या फोटोच्या वेळी मी काकांना म्हटलं, "हनुवटी जरा खाली घ्या."

ते हळूच म्हणाले, "माहीत आहे पोरी, चष्म्यावर दिवा चमकतो."

मी बटण दाबलं.

मुयोल तुझ्यावर जीव टाकतो, हे कॅमेऱ्यातूनही दिसतं. म्हणून तर तुझ्यासमोर तोंड उघडवत नाही. पण आता आईने छुसकच्या सणाला काकांना जेवायला बोलावलंय, आणि ते येतो म्हणालेत. तू म्हणतेस, फोटो ताईनेच काढायचे.

तुझी, अजून तरी भरवशाची,
ह्योनजू ताई