तोडलेल्या झाडाची अंजिरं

२८ सप्टेंबर

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे, दोन्ही गुडघेही मजेत आहेत, फक्त चालायच्या बाबतीत आम्हा तिघांचं एकमत होत नाही. पूर आला तसा गेला. आपल्या मातीच्या बांधाने पाणी अडवलं आणि हळूहळू खाली सोडलं. गावात कोणाच्या उंबऱ्यालाही ओल लागली नाही. बेकरीवाला म्हणाला, “काका, बांध अगदी त्याच्या राखणदारासारखा आहे. बुटका, पण हटत नाही!”

तर, तुझं पत्र. अख्ख्या पत्रात एकच ओळ: “बाबा, तोडलेल्या झाडाला अंजिरं येतात का?” तुमच्या पाटबंधारे खात्यात सगळे असंच लिहितात का गं?

अंजिराच्या मुरंब्याची बरणी तुला पाठवताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बांधावरचं अंजिराचं झाड तोडलं, असं मी तुला दोनदा कळवलं. दोन्ही वेळा खोटं. मुळं बांधात शिरली की त्यांच्या वाटेने पाणीही शिरतं, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. पण झाड तुझ्या आईने लावलेलं. कुऱ्हाड घेऊन जायचो आणि अंजिरं घेऊन परत यायचो.

पुरात त्याच झाडाखाली, गावाकडच्या उतारावर पाणी झिरपू लागलं. नितळ असेल तर लक्ष ठेवा, गढूळ झालं तर गाव हलवा, असं तू सांगितलेलं. मी वाट बघितली नाही, सगळ्यांना टेकडीवर पाठवलं. मुलांना सहल वाटली. मी पेल्यात पाणी धरून बघत बसलो. नितळच राहिलं. पण फार घाबरलो होतो, चिमणे.

पाणी उतरल्यावर लोहार आणि मी झाड मुळांसकट काढलं. एक मूळ तुझ्या आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. टेप संपली, मूळ संपेना. तिथेच बसून रडलो. लोहार बिचारा कुऱ्हाडीची धार बघत राहिला. खड्डा तू लिहिलं होतंस तसाच भरला. वीतभर माती, वर धुम्मसाने ठोकून घट्ट, पुन्हा वीतभर माती. खांदे अजून बोलतात.

दोन फांद्या कुंडीत लावल्यात. एकीला पान फुटलंय. जागा तू येऊन दाखव, बांधापासून शंभर पावलं म्हणालीस तर शंभर.

आणि हो, तोडलेल्या झाडाला अंजिरं येतात. फक्त तीन वर्षं थांबावं लागतं. राग तेवढा आधी सोड.

तुझा,
साधं खोटंही धड न जमलेला
बाबा