दीड तास मागे

॥ श्री ॥

अंधेरी (पूर्व), मुंबई
रविवार, २४ मार्च १९८५

ती. अनुताईस,
चंदूचा सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच, उभी असशील तर पडशील. परवा, पाडव्याच्या संध्याकाळी, मी अंधेरीत आपल्या घरात बसून तुझं मस्कत पाहिलं. या डोळ्यांनी, आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर. चंदूचा स्क्रू ढिला झाला म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

आंबोली गावठाणातला माझा दोस्त लिओनार्ड तुला माहीत आहे. तो आणि मी गेला महिनाभर गच्चीवर नवी अँटेना करत होतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून बारा कांड्यांची, सगळी हाताने. बिल्डिंगमधल्या यच्चयावत अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या आहेत. आम्ही आमची मुद्दाम वर्सोव्याच्या बाजूला, समुद्राकडे वळवली. कंपनीतले एक जुने इंजिनीअर सांगत होते की उन्हाळ्यात समुद्रावर गरम हवेचा थर बसतो आणि टीव्हीच्या लहरी त्याच्याखाली अडकून हजार-दीड हजार किलोमीटर वाहत जातात. मला ती थाप वाटली होती. आईला तर सगळंच थाप वाटतं. लोक पाडव्याला गुढी उभारतात आणि मेल्याने भंगार उभारलं, असं ती शेवंतीकाकूंना जिन्यात ऐकवत होती.

सव्वासातला मी बटण आठ नंबरवर नेलं. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांतून हळूहळू फ्रॉक घातलेल्या मुली दिसायला लागल्या, ओळीने उभ्या राहून गाणं म्हणणाऱ्या. खाली अक्षरं उजवीकडून डावीकडे. गाणं संपलं आणि पडदाभर एक घड्याळ आलं. त्यात सहा वाजले होते आणि माझ्या मनगटावर साडेसात. दीड तासाचा फरक! ताई, अंगावर सरसरून काटा आला. मध्ये अख्खा समुद्र, ना तार ना खांब, आणि तिकडचा सेकंदकाटा माझ्यासमोर टकटक चालला होता.

लिओनार्ड म्हणतो ते दुबई असेल, वेळ तिथेही तीच. म्हणून आता साक्षीदार तू. शुक्रवारी, बावीस तारखेला, तुमच्या पावणेसहाला टीव्हीवर मुलींचं गाणं होतं का? त्यांतली एक चिमुरडी सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे बघत टाळ्या वाजवत होती. पाहिलंस का? उलट टपाली कळव, माझा जीव टांगणीला लागलाय.

बाकी, तू पाठवलेलं आकड्यांचं घड्याळ फर्स्ट क्लास. महिन्यात पाच सेकंदही चुकलं नाही. बाबांच्या भिंतीवरच्या लंबकवाल्याला आता पेन्शनीत काढायला हवं, असं मी बोललो आणि आईने डोळे वटारले. मिल बंद पडली तेव्हा टाइम ऑफिसातून मिळालेली ती एकच वस्तू, हे मला कळतं गं. पण आठवड्याला चावी द्या, तेल द्या, तरी दोन मिनिटं मागे. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आलाय, त्याच्या गार खोलीत चपला काढून जावं लागतं. मी पहिल्या दिवशी चक्क उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला.

बाबा तसेच. तू गेलीस त्याला दोन वर्षं होतील, पण तुझं नाव घेत नाहीत. सहार विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर असून तुला सोडायला आले नाहीत, ते मीही विसरलेलो नाही. तुझं पत्र आलं की मी स्वयंपाकघरात आईला मोठ्याने वाचून दाखवतो. तेव्हा ते बाहेर पेपर धरून बसतात, पण पान उलटल्याचा आवाज येत नाही. जेवण अजून भोंग्याच्या टायमावर, सातला म्हणजे सातला. पाडव्यालाही ते जेवून सुपारी कातरत होते. मी मस्कत मस्कत म्हणून ओरडत होतो तरी वळले नाहीत. फक्त तिकडे किती वाजलेत एवढं विचारलं. सहा म्हटल्यावर पुन्हा सुपारी.

लोभ आहेच, तो आमच्या अँटेनाएवढा उंच होवो.

तुझा,
चंदू


मस्कत
३ एप्रिल १९८५

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अरे, ती मुलगी! हिरव्या फ्रॉकातली! तुला रंग दिसला नसेल म्हणून सांगते, फ्रॉक हिरवा होता. शुक्रवारची सुट्टी होती. होस्टेलच्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा नर्सेस बसलो होतो आणि ती पाठमोरी टाळ्या वाजवायला लागल्यावर सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. त्याच क्षणी तूही तिच्याकडेच बघत होतास, हे तुझं पत्र वाचून कळलं. मी जिन्यातच बसकण मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी घरच्या कुणाबरोबर बसून काहीतरी पाहिलं, आणि ते मला बारा दिवसांनी कळलं.

तुझ्या भंगाराला माझा साष्टांग नमस्कार सांग. लहानपणी तू माझ्या ट्रान्झिस्टरची चाळण केली होतीस, तो गुन्हा आज माफ.

माझं बरं चाललंय. ड्यूटी बरोबर सातला सुटते आणि मी तशीच मेसमध्ये जाऊन जेवते. बाकीच्या मुलींची ड्यूटी वेगळी, त्यामुळे बहुतेक वेळा एकटीच असते. आईला सांग, भात मिळतो, मासेही मिळतात, पण तिच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं कुठून आणू?

आता महत्त्वाचं. माझा करार संपतोय. पुढच्या तीन वर्षांसाठी सही करायची असेल तर वीस मेपर्यंत करायची आहे. मॅट्रन रोज विचारते. मला यायचंय रे चंदू, तिथल्या हॉस्पिटलात काम मिळेल, ती काळजी नाही. पण ज्या घरात माझं नाव निघत नाही तिथे बॅग घेऊन कशी येऊ? बाबांनी मिलमध्ये तीस वर्षं टाइमकीपरचं काम ताठ मानेने केलं. मिल गेली आणि घर माझ्या मनिऑर्डरवर आलं, ते त्यांना सोसलं नाही हे मला समजतं. तरी त्यांची एक ओळ आली असती, नुसती ‘ये’ म्हणून, तरी मी विमानाच्या पुढे पळत आले असते. ती आली नाही तर सही करून टाकणार.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनुताई

ता. क. कराराचा मजकूर मोठ्याने वाचू नकोस. बाबांकडून मागून घेतलेली ओळ मला नको.


॥ श्री ॥

अंधेरी
रविवार, २१ एप्रिल १९८५

ती. अनुताईस,
सा. न. वि. वि.

आधी कान पकडतो. अगं, ‘वाचू नकोस’ हे पत्राच्या शेवटी लिहितात का? तोवर मी सगळं खड्या आवाजात वाचून मोकळा झालो होतो. आई पदराने डोळे पुसत होती आणि बाहेर बाबा पेपर धरून. वाट लागली. पण ते काही बोलले नाहीत, तेव्हा बहुतेक ऐकलं नसावं.

हिरवा फ्रॉक मी लिओनार्डला सांगितला तेव्हा त्याने गच्चीवर जाऊन अँटेनाच्या खांबाला मिठी मारली. मी रंगीत टीव्हीला नेहमी नाकं मुरडतो, चांगल्या अँटेनाशिवाय रंग म्हणजे नुसता थाट असं माझं मत. पण त्या एका हिरव्यासाठी मला पहिल्यांदा रंगीत सेट असावासा वाटला. घाटकोपरच्या मामाकडे व्हिडिओ आलाय, सगळे दिपून गेलेत. मी म्हटलं, टेपवरचं तर होऊन गेलेलं असतं. मी जे बघतो ते आत्ता घडत असतं, आणि त्यात माझी बहीण असते.

नवल म्हणजे बाबाही आता रोज साडेसातला टीव्हीपाशी येऊन उभे राहतात. गाण्याबिण्यांत लक्ष नाही. ते सहाचं घड्याळ लागलं की चष्मा लावून टक लावून बघतात आणि परत जातात.

आता काळजीचं. बाबांचं काहीतरी बिनसलंय. गेल्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं भिंतीवरच्या घड्याळाचं दार चावी द्यायला उघडलं आणि लंबक हाताने धरून बंद केला. मग समोर खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, तेल देऊ का, उघडून बघू का, तर हाताने जा म्हणाले. मी गच्चीवर गेलो. खूप वेळाने खाली आलो तर घड्याळ चालू होतं, पण त्या दिवसापासून ते वेळच चुकीची दाखवतंय. माझ्या मनगटावर साडेआठ होतात तेव्हा ते सातचे टोले देतं! आणि ज्या बाबांनी दोन मिनिटांसाठी माणसांना परत पाठवलं, त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. मी स्टुलावर चढून काटे नीट करायला गेलो तर असे ओरडले की शेवंतीकाकू धावत आल्या.

त्यात जेवण. सातला पान घेतलं तर नको म्हणतात, साडेआठला जेवतात. आईने कारण विचारलं, तर सातलाच जेवतोय म्हणाले. ताई, आई घाबरली आहे. शेवंतीकाकूंनी घाटकोपरचे डोक्याचे डॉक्टर सुचवलेत. मी मे महिन्यातली तारीख घेऊ का? तू नर्स आहेस, तुला जास्त कळतं.

लोभाची बॅटरी उतरू नये, ही विनंती.

तुझा,
चंदू


मस्कत
३० एप्रिल १९८५

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर नको. तेल नको. घड्याळाला बोटही लावू नकोस, आईलाही लावू देऊ नकोस.

अरे वेड्या, साडेआठातून सात वजा कर.

केलंस? आता माझं मागचं पत्र काढ आणि मी कधी जेवते ते वाच. तुझी नजर समुद्रापार पोचली आणि घरातल्या भिंतीपर्यंत पोचली नाही! मी तुझं पत्र वॉर्डात उभ्यानेच वाचलं, आणि एका पेशंटने मलाच पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी सातला मी ताटावर बसले. पहिला घास घ्यायच्या आधी थोडी थांबले. तिकडे बाबा हात धुऊन पाटावर बसले असतील, एवढं वाटलं आणि मगच घास उचलला. मी घर सोडून किती लांब आले, याचाच हिशेब दोन वर्षं करत होते. तो माणूस रोज माझ्या पंगतीला बसत होता.

आईला सांग, त्यांचं डोकं तुझ्या कॉम्प्युटरपेक्षा शाबूत आहे. बाबांना मात्र काही बोलू नकोस. सही अजून केलेली नाही. पण चंदू, घड्याळ म्हणजे ‘ये’ नव्हे. ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. वीस तारखेपर्यंत वाट बघते.

अशीच माया राहू दे.

तुझी,
अनुताई


॥ श्री ॥

अंधेरी
रविवार, ५ मे १९८५

चि. अनुपमास,
काशीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, भिंतीवरचे घड्याळ मी तुझ्या तिकडच्या वेळेला लावले आहे. चंदूच्या टीव्हीवर रोज सहाचा काटा दिसे, त्यावरून मिळवून घेत होतो. गेले पाच दिवस काही दिसत नाही. चंदू म्हणतो हवा बदलली. हे घड्याळ आठवड्याला दोन मिनिटे मागे पडते. तीस वर्षे मी लोकांच्या हजेऱ्या लिहिल्या. उशीर झाला की खाडा मांडला, कुणाची गय केली नाही. भिंतीवर चुकीची वेळ ठेवणे मला जमत नाही. टीव्ही बंद, तेव्हा लिहिण्याखेरीज मार्ग राहिला नाही.

टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात, आतली चाके मोडतात. वेळ मागे न्यायची तर लंबक धरून तेवढा वेळ थांबावे लागते. म्हणून त्या रविवारी मी दीड तास समोर बसून राहिलो. दुसरे काही करायला नव्हते, तेव्हा आठवत बसलो. तू निघालीस त्या दिवशी मी कपडे करून तयार होतो. दारापर्यंत आलो आणि मागे फिरलो. मला तुझा राग आला असे तू समजलीस, आणि मी तसे समजू दिले. राग नव्हता. मिल गेली, मुलगी परमुलखात कामाला चालली, मला माझी लाज वाटत होती. त्या तोंडाने तुला निरोप कसा द्यावा हे सुचले नाही. चूक माझी आहे.

चंदूच्या उद्योगांना मी आजवर नावेच ठेवली. पण तुझ्या गावच्या घड्याळाचा काटा इथे माझ्या घरात हलताना पाहिला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. एवढ्या मोठ्या मिलमध्ये उभा जन्म काढला, असे काही पाहिले नव्हते. चंदूला हे कळवू नकोस, डोक्यावर बसेल.

तू सातला जेवतेस आणि एकटी असतेस, हे चंदूने वाचले तेव्हा मी बाहेर होतो. आता मीही सातला बसतो. तेव्हा एकटी आहेस असे समजू नकोस.

करारावर सही करावी की करू नये, हे तुझे तू ठरव. तुला अडवण्याचा अधिकार मी त्या दिवशी दारातून मागे फिरून घालवला. पण माझे म्हणणे असे, की तू ये. तारीख कळव, सहारला मी विमानाआधी हजर असेन.

चावी देण्याखेरीज घड्याळाला मी आता हात लावत नाही. ते दीड तास पुढे करायचे राहिले आहे. पुढे करायला थांबावे लागत नाही, बोटाने काटा फिरवायचा आणि मधले टोले पुरे पडू द्यायचे. ते तू आल्यावर तुझ्या हाताने कर.

तुझी आई खुशाल आहे, बांगडे कुठल्या बाजारात चांगले मिळतात त्याची चौकशी करते आहे.

लोभ असू दे. मला दोन वर्षे उशीर झाला आहे, खाडा मांडू नकोस.

तुझा,
बाबा