मिक्सरमधला बास तुमचा नव्हता

प्रिय नाना,

काल धुळ्याहून तुमच्या लेकीचा, अक्काचा फोन आला. रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. जेवणाआधी तुमचं वाजवणं सगळ्यांना ऐकवायचं म्हणते. रेकॉर्डिंग एकच, अन् ते माझ्याकडे. तिला खरं सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं, म्हणून बसलो लिहायला.

आठवतो ना जळगावच्या हॉलमधला तो जॅझचा कार्यक्रम? ऐकायला चाळीस माणसं, त्यातली निम्मी चहासाठी आलेली. साउंड माझा. तुमची पद्धत ठरलेली. छोटा माईक रुमालात गुंडाळून त्या माणसाएवढ्या उंच, व्हायोलिनच्या थोरल्या भावासारख्या बासच्या घोडीखाली खोचायचा. म्हणायचे, घोडीला चिकटवलेला तो पिकअप नुसती तार ऐकतो, माईक लाकूड ऐकतो. मी म्हणायचो, तुमच्या घामट रुमालानं माईकला चक्कर येत असेल. तुम्ही पण हसायचे.

त्या दिवशी मला गंमत सुचली. तुम्ही चहाला गेले अन् मी मिक्सरवर तो माईक बंद केला, पिकअप चालू केला, ट्रेबल फुल्ल, म्हणजे आवाज पत्र्यासारखा चिरका. म्हटलं, पहिल्याच गाण्यात नाना बोंब मारतील, मग करू सरळ.

तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं अन् वाजवत राहिले. का नाही थांबवलं हो? एक शिवी तरी हासडायची! मीही हट्टाला पेटलो, तुम्ही बोलल्याशिवाय बटणाला हात लावणार नाही म्हणून. अख्खा कार्यक्रम तसाच रेकॉर्ड झाला. नंतर ऐकवला तर तुमच्या अहिराणीत एवढंच बोलले, "हाऊ मना आवाज नही शे रे." खरंच, तो तुमचा आवाज नव्हताच.

पुढच्या वेळी नीट करू म्हटलं मी. पंधरा दिवसांत तुम्ही गेले.

एवढी वर्षं तुमचा साउंड केला, पण त्या दिवसाआधी रेकॉर्ड कधी केलं नाही. वाटायचं, नाना कुठं जातात?

वर्षभर कॉम्प्युटरवर झटतोय. ट्रेबल उतरवला की घोंगडीखालून वाजल्यासारखं होतं. खालचा आवाज वाढवला की डीजेचा दणका. सूर संपताना लाकूड घुमायचं, तुमचा श्वास यायचा, ते कुठून आणू? ते आत गेलंच नाही.

अक्का म्हणाली, "छोटूला कळू दे, त्याचे आजोबा कसे वाजवायचे." अक्काचं दोन वर्षांचं पोर. हाच पत्र्याचा आवाज तुमचा समजून मोठं होईल ते.

उद्या सकाळच्या एसटीनं धुळ्याला जातो. आधी अक्काला सगळं सांगतो. हाकललं तर हाकलू दे. नाही हाकललं, तर तुमच्या बासची खोळ काढीन, छोटूची पाठ त्याला टेकवीन अन् सगळ्यात जाडी तार एकदा ओढीन. वायर न लावता. मला वाजवता येत नाही, पण लाकूड तर तुमचंच आहे.

तुमचा वांड साउंडवाला,
पप्या