सात गोल माझ्या नावावर

प्रिय वैज्या,

फोन असताना पत्र कोण लिहितं, म्हणून आधी हसशील. तुझा नंबर मी काष्टीच्या बाजारातल्या एका टेम्पोवाल्याकडून मिळवला. दोनदा लावला, दोन्ही वेळा तू उचलायच्या आत कट केला. म्हणून हे. सध्या शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर बसतो. दुपारी गिऱ्हाईक दर्शनाच्या रांगेत असतं नाहीतर झोपलेलं असतं, तेवढ्यात लिहून घेतो. अक्षर तसंच आहे, कोंबडीचे पाय. सांभाळून घे.

मधली बारा वर्षं लई भटकलो. धाब्यावर होतो, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, मग गोवा. गोव्यात एका हॉटेलात प्लेटा उचलायचो तिथं एक म्हातारा इंग्रज रोज यायचा. त्याच्या गावचा फुटबॉल क्लब होता, शंभर वर्षं चाललेला. गाव आपल्या देवळालीएवढंच असेल. गिरणीतले कामगार आठवडाभर सूत काढायचे आणि शनिवारी खेळायचे. गिरणी बंद पडली, मग क्लब. आता मैदानावर मोठं दुकान झालंय, आणि हा दूध आणायला गेला की जिथं गोलपोस्ट होती तिथं, म्हणजे बिस्किटांच्या फळीपुढं, जरा वेळ उभा राहतो. त्याची हिंदी लंगडी, माझं इंग्लिश पांगळं. पण अकराच्या अकरा नावं त्यानं बोटांवर मोजत सांगितली. कोण डावखुरा, कोण पिऊन यायचा, सगळं. मग म्हणाला, तुझ्या गावात होता का असा क्लब? नावं सांग. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच नावाला अडकलो. कागदावरचं सांगू का मैदानातलं?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा नीट लिहू दे. आपला क्लब हंगामी होता. जगात दुसरा असा नसेल. दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं, तुमच्या पाथर्डीकडच्या टोळ्या येऊन राहायला पाचटाच्या कोप्या पडल्या, की शाळेतले सूर्यभान सर गाडीतळामागच्या पडीक रानात बांबूच्या गोलपोस्ट रोवायचे. निम्मी टीम आम्ही बागाईतदारांची पोरं, निम्मी तुम्ही ऊसतोडीची. तुम्ही पहाटे मोळ्या बांधून यायचे, पायाला पाचटाचे ओरखडे, आणि तरी आमच्या दुप्पट पळायचे. सर म्हणायचे, "बागाईतदारांनो, जरा लाजा. ह्यांनी सकाळपासून दोन गाड्या भरल्यात, तुम्ही नुसती भाकरी मोडलीय." गाळप संपून पट्टा पडला, टोळ्या गावी गेल्या, की क्लब बंद. परत दिवाळीनंतर.

भानगड एकच होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेचा दाखला लागायचा आणि तुमची नावं तुमच्या गावच्या शाळेत. म्हणून आमच्यातले जे कच्चे होते त्यांची नावं तुम्हाला द्यायची, ही क्लबची रीतच पडली होती. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी राखीव गोलकीपर, म्हणजे बाटल्या भरणारा. माझं नाव तुला मिळालं. फोटो झेरॉक्सचा झेरॉक्स, त्यात माझ्या बापानं मला ओळखलं नसतं. नगरला चार सामन्यांत तू सात गोल मारलेस. माईकवरून दर वेळी "ओम! ओम!" आणि मी लाइनीबाहेर बसून टाळ्या वाजवायचो. तुझ्यासाठीच वाजवत होतो. पण खरं सांगतो, तिसऱ्या सामन्यापासून आपलंच नाव कानाला गोड लागायला लागलं.

मग पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाचं पत्र माझ्या घरी आलं. राहणं, खाणं, बूट, सगळं फुकट. संध्याकाळी सर ओट्यावर आले. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, "ओम, उद्या दहाच्या गाडीनं आपण तिघं नगरला जाऊ. स्पर्धेच्या साहेबांना खरं काय ते सांगू. माझं काय व्हायचं ते होईल, पण वैजनाथाची जागा वैजनाथाला मिळाली पाहिजे. पोरगं कोयता धरायला जन्मलेलं नाही." मी मान हलवली. आणि सकाळी सहाच्या गाडीनं एकटा पुण्याला गेलो, ते पत्र घेऊन.

सतरा दिवस टिकलो. तिथल्या कोचनं चेंडू पायात दिला तेव्हाच त्याला कळलं होतं. हाकलायच्या आधी मीच पळालो, आणि घरी तोंड दाखवायला नको म्हणून पळतच राहिलो. सर आणि तू स्टँडवर बारा वाजेपर्यंत थांबला होतात, तू धुतलेला शर्ट घालून आला होतास, हे मला लई उशिरा कळलं. आईनं सांगितलं. पुढच्या हंगामात टोळ्या आल्या, कोप्या पडल्या, पण सरांनी बांबू रोवले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता गुडघे दुखतात."

सर आषाढात गेले. मागच्या रविवारी शाळेनं त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला, त्याला मलाही बोलावलं. मी खरं बोलायचं ठरवून गेलो होतो, आईची शपथ. पण नव्या हेडमास्तरांनी फाइलमधलं प्रमाणपत्र काढून वाचलं, सात गोल करणारे आपल्या गावचे ओम, आणि शाल माझ्या खांद्यावर. स्टेजवर आपल्या टीमचे आणखी दोघं होते, गोरक्षनाथ आणि बिभीषण. त्यांच्याही नावावर दुसरंच कुणीतरी खेळलेलं, म्हणून ते चपलांकडं बघत बसले. मला क्लबचा इतिहास सांगा म्हणाले. मी सांगितला. कारखान्याला ऊस तोडायची मशिनं आली, कोप्या कमी झाल्या, पोरं मिळेनात, म्हणून क्लब बंद पडला. लोकांनी माना हलवल्या. बागाईतदारानं मशिनीवर ढकललं की सगळ्यांना पटतं. सरांच्या फोटोला हार होता आणि मी त्याला पाठ करून बोललो.

एवढ्यावर असतं तरी मी हे लिहिलं नसतं, वैज्या. माझी जात भित्र्याची, आणखी बारा वर्षं गप्प बसलो असतो. पण खाली उतरलो तर एक सहा-सात वर्षांची पोरगी पुढं आली. लाल रिबिनी, पुढचे दोन दात पडलेले. "तुमीच का त्ये सात गोलवाले? मी ज्ञानेश्वरी. माझे पप्पा बी हुते तुमच्या टीममधी, वैजनाथ. त्ये तिकडं गाडीपाशी उभे हायेत, म्हनले तूच जाऊन भेट." मला तुझ्याकडं बघवलं नाही. मग तिनं विचारलं, "पप्पा चांगलं खेळायचे का?" आणि आजूबाजूला हेडमास्तर, फोटोवाला, शालवाले उभे होते म्हणून मी म्हणालो, "हां, बरे खेळायचे." ती "बरं" म्हणून पळाली. गाडीवर तुझ्या पुढ्यात बसून तिनं ते तुला सांगितलंच असणार. हेडमास्तरांना मी काल सगळं लिहून दिलंय, त्याचं ते बघतील. तुझ्याकडं माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. शनिवारी बाजाराच्या दिवशी मी काष्टीला तुझ्या घरी येतोय. तू मार, शिव्या घाल, दारातून हाकल. फक्त त्याआधी ज्ञानेश्वरीला बाहेर बोलव. तिनं मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर चुकलंय माझं.

तू म्हणू देशील तर तुझाच,
ओम