झाकणावरची तारीख

९ मार्च, सोमवार
गॅरेजमधून, जेवणाच्या सुट्टीत

लाडक्या भिंगरीस,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गाडीचा फोटो, दोन्ही पोचलं. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण गाडीखाली शिरताना नाही, बाहेर येताना; त्यामुळे काम अडत नाही. पहिल्या नोकरीत गाडी घेतलीस आणि तीही तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, हे वाचून मी इतक्या जोरात हसले की शेजारचा वेल्डर काय झालं म्हणून डोकावून गेला. वहिनी कपाळाला हात लावून बसली असेल. मला मात्र फार आनंद झाला.

तू लिहितेस, "बाबांना विचारलं तर म्हणाले, मला गाड्यांतलं काही कळत नाही, आत्याला विचार." हे वाक्य मी तीनदा वाचलं. असो. आत्याला विचारलंस ना, मग आत्या सांगते.

सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर. ताकद जेमतेम सदतीस हॉर्सपॉवर, तेव्हा चढावर मागून कुणी हॉर्न वाजवला तर मनाला लावून घेऊ नकोस. इंजिन वजनाला इतकं हलकं की दादा आणि बाबा, म्हणजे तुझे बाबा आणि आजोबा, दोघंच ते उचलून टेबलावर ठेवायचे. ऑइल पावणेतीन लिटर. तीन ओतलंस तर जास्तीचं कुठून ना कुठून बाहेर येतंच.

फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटायचा, क्रम एक, तीन, दोन. हा मला दादानं शिकवला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, कॉलेज सोडून इथं जॉबकार्डं लिहायला आलेली. आम्ही तिघं उलट्या खोक्यांवर बसून जेवायचो. दादा चमच्यानं डब्यावर टक् करायचा आणि मी पुढच्या सिलिंडरचा नंबर सांगायचा. चुकले की माझ्या डब्यातला एक घास त्याचा. बाबा ओरडायचे, "अरे, जेवा आधी! इंजिन कुठं पळून जात नाही." महिनाभर मी अर्धपोटी राहिले, पण क्रम जन्मभराचा पाठ झाला.

त्याच्यासारखं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, लावणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. फीलर गेज खिशात असायचं, पण पत्ती घालायच्या आधीच तो बोटानं हलवून सांगायचा, "पंधरा पाहिजे, अठरा आहे." मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची गोष्ट ही! पत्ती घातली की निघायचे अठराच. त्यानं लावलेलं इंजिन चालू आहे की बंद, हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागायचा. त्याला गाड्यांतलं कळत नाही म्हणे.

बरं, आता दुखणी. मुख्य दुखणं तापण्याचं. रेडिएटर लहान, आणि त्याच्या पंख्याचा स्विच दगा देतो. काटा मधल्या रेषेच्या वर सरकला की गाडी बाजूला घ्यायची, "आलंच की घर" म्हणायचं नाही. तशीच रेटलीस तर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि पाणी ऑइलमध्ये शिरतं. दर रविवारी ऑइलचं झाकण उघडून आतून बघत जा. तिथं सायीसारखं काही दिसलं तर गाडी सुरूच करायची नाही, मला फोन करायचा.

वरच्या कव्हरखालून ऑइल पाझरतं. सगळ्यांचंच पाझरतं, त्यासाठी डोक्याला हात लावून बसू नकोस, फडक्यानं पुसून घे. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी एक रबरी रिंग असते, ती कडक होते. तिथून गळायला लागलं तर मात्र बदल. सिग्नलला थांबलं की बंद पडते म्हणतेस, ते कार्ब्युरेटरचं जेट चोंदल्यामुळे. हवेनं साफ करून घे. तार घालू नकोस, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल ढोसायला लागते. मी एकदा घातली होती. दादा आठवडाभर येईल त्याला ते जेट दाखवून सांगत होता, "आमच्या बाईसाहेबांनी बोगदा खणलाय, बघा."

आणखी काय? क्लचची केबल. ती काही इंजिनात येत नाही.

मी मघापासून इकडचं तिकडचं लिहिते आहे, ते तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीमुळे. "टायमिंग बेल्टचं टेन्शन नाही, विकणाऱ्यानं झाकणावरचा स्टिकर दाखवला, बासष्ट हजारला बदललाय." भिंगरी, त्या स्टिकरवर विश्वास ठेवू नकोस. बेल्ट डोळ्यांनी बघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस.

तो दातेरी रबरी पट्टा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखतो. पन्नास हजाराला बदलायचा. तुटायच्या आधी तो आवाज करत नाही, कुठली सूचना देत नाही. तुटला की पिस्टन खालून व्हॉल्व्हवर आदळतात आणि चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी मरतं. आता तू विचारशील, स्टिकर असताना आत्या एवढी का घाबरते. तेच तर सांगायचं आहे.

आमच्याकडे बेल्ट बदलला की तारीख आणि किलोमीटर लिहून स्टिकर झाकणावर लावायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायची मी. लावायचा मात्र ज्यानं बेल्ट बसवला त्यानं, आणि काम झाल्यावरच. एकतीस वर्षांपूर्वी एका शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी बेल्टसाठी आली. त्याच आठवड्यात बाबांनी मला पहिल्यांदा पाना हातात धरू दिला होता, तोही दादानं महिनाभर त्यांचं डोकं खाल्ल्यावर. मला मैत्रिणीकडे जायची घाई. स्टिकर लिहिला, आणि परत कोण येतंय म्हणून जाता जाता लावूनही टाकला. नवा बेल्ट खोक्यातच होता.

दादा सुटे भाग आणायला गेला होता. आला, स्टिकर बघितला, त्याला वाटलं बाबांनी उरकलं. बाबांनी बघितला, त्यांना वाटलं दादानं. खोकं फळीवरच्या बाकीच्या बेल्टांत मिसळून गेलं. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या.

अकराव्या दिवशी भर हमरस्त्यावर बेल्ट तुटला. सहाही व्हॉल्व्ह वाकले. मागचा ट्रक बाईंच्या गाडीपासून हातभरावर येऊन थांबला. बाई सुखरूप होत्या, आणि तिथून तडक इथं आल्या.

बाबा चार गिऱ्हाइकांसमोर दादावर कडाडले, "काम न करता तारीख टाकलीस?"

"मी स्टिकर बघितला. मला वाटलं तुम्ही केलंत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

दादा बोलता बोलता थांबला. बाबांनी लावला नव्हता, त्यानंही नव्हता. उरलं कोण? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पान्यांच्या ट्रेमध्ये काहीतरी शोधत राहिले. मग तो बाबांकडे वळला आणि म्हणाला, "चुकलं माझं."

बाबांनी तिथल्या तिथं त्याच्याकडून गॅरेजची किल्ली काढून घेतली. पुढच्या आठवड्यात तो रंगाच्या गोदामात नोकरीला लागला. आजही तिथंच आहे, हे तुला माहीत आहेच. मी आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले. दादाच्या टेबलावर माणूस नाही म्हणून बाबांनी मला उभं केलं, आणि मग तर तोंडच उघडेना. त्या दिवशी खरं कळलं असतं, तर बाबांनी मला परत इंजिनाला हात लावू दिला नसता. हे दादाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. बाबा गेले ते दादाला बेजबाबदार समजतच गेले. याची मला लाज वाटते, रोज वाटते.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. खूप थकल्यात. सहज विचारलं, "तुमचे भाऊ कुठं असतात हल्ली? हात चांगला होता हो त्यांचा." मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला कशाला सांगताय?"

बेल्टचं वरचं झाकण दहा नंबरच्या दोन बोल्टांवर असतं. पट्ट्याच्या पाठीवरची छापील अक्षरं वाचता आली तर नवा, पुसली असतील तर जुना, आणि तरीही शंका आली तर बदलायचा.

भिंगरी, वाचून झालं की हे पत्र तुझ्या बाबांना दे. त्याला वेगळं लिहायला मी चार वेळा बसले, पण "प्रिय दादा"च्या पुढे जाता येईना. तुला इंजिनाचं लिहिता लिहिता हात सुटला. माझ्याबद्दल तुला आता काय वाटायचं ते वाटो, तुझा बाप कोण आहे हे तुला कळायला हवं होतं.

पुढचं त्याच्यासाठी.

दादा,

स्टिकर मी लावला होता. तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. मला माफ कर, असं लिहायचा धीर होत नाही. मागच्या एकतीस वर्षांत माझ्या कामाचं कुणी कौतुक केलं की मला तुझं "चुकलं माझं" ऐकू यायचं.

रविवारी गॅरेज बंद असतं. मी नऊ वाजता शटर उघडून बसेन. लेकीची गाडी ओढून आण. तिचा बेल्ट मला बसवता येईल, पण तो तू बसवावास, आणि तिनं ते बघावं, असं मला मनापासून वाटतं. नाही आलास तर तुझा राग खरा आहे असं समजेन, आणि पुढच्या रविवारीही शटर उघडीन.

तुझ्या जागेवर उभी असलेली,
तुझी धाकटी बहीण