न वाळलेला बैल

लिहून ठेवणार : राधाकिसन रामराव पडोळ, वय ५२, धंदा शेती व खेळणी रंगवणे, राहणार राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना.

मी वरील इसम आज रोजी शुद्धीवर आहे, माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी मागे उभे राहून हे माझ्याकडून लिहून घेत नाही. मागे उभी आहे ती माझी बायको गोपिकाबाई, आणि ती फक्त "बसा की एका जागी" एवढेच म्हणते आहे. येत्या सोमवारी संभाजीनगरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते, म्हणून घरी येऊन मीही कागद करायला घेतला.

वकीलसाहेबांनी भोकरदनहून छापील नमुना दिला आहे. त्यात 'धंदा' या शब्दापुढे दोन बोटे जागा आहे. माझा धंदा तेवढ्यात मावत नाही, म्हणून खुलासा करतो. विनाइल नावाच्या मऊ प्लास्टिकची वीतभर उंच खेळणी परदेशातून येतात. ती मुलांसाठी नसतात, मोठी शिकलेली माणसे ती काचेच्या कपाटात ठेवतात. त्यातली काही कोरी, पांढरी मिळतात. ती हौशी माणसे आमच्याकडे पाठवतात. आम्ही हेअर ड्रायरने मान गरम करून डोके उपसतो, घासतो, पुट्टीने नवे नाक, शिंगे चढवतो, रंगवतो आणि तळपायाखाली आपले नाव घालून परत पाठवतो. वडील रामराव पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायचे. मी आणि माझी धाकटी बहीण अंजू मातीचे बैल रंगवायचो. एका अंगारकीला गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांनी ते पाहिले आणि एक कोरे खेळणे आमच्या हातात दिले. तेव्हापासून हे चालू आहे. गावात याला 'राधाकिसनच्या बाहुल्या' म्हणतात. म्हणोत.

कलम १. राहते घर आणि दोन एकर शेत गोपिकाबाईच्या नावे व्हावे. बँकेत जे असेल तेही तिचेच. यावर मुलगी तृप्ती हिची हरकत नाही, तिने फोनवर सांगितले आहे.

कलम २. घरात हेअर ड्रायर तीन आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर कोणाचे केस वाळवलेले नाहीत. पहिला गोपिकाबाईने तिच्या हौसेने आणला होता, तो मी दुसऱ्याच दिवशी एका अस्वलाची मान सोडवायला घेतला. माझ्या पश्चात तृप्तीने आईला नवा ड्रायर आणून द्यावा आणि त्यावर तिचे नाव लिहावे, म्हणजे कोणी नेणार नाही.

कलम ३. रंग फवारायचा लहान कॉम्प्रेसर चुलतभाऊ राजानंद यास कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. मी जालन्याला गेलो असता त्याने तो नेऊन ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरली. यंत्र त्या दिवसापासून खोकते. मी जाब विचारला तर हा मला म्हणतो, "बाहुल्यांचं मशीन बाहुल्यांएवढंच असणार, मी काय करू?" राजानंदास माझ्याकडून एक सायकलचा पंप द्यावा. तो दारामागे आहे.

(येथे उठलो होतो. गुरांच्या कोठ्याकडे जाऊन आलो. तिकडे काम काहीच नव्हते.)

कलम ४. ब्रश, रंग, पुट्टी, कोरी राहिलेली अकरा खेळणी आणि काम करायचे टेबल तृप्तीस मिळावे. ती संगणकाचे शिकते आहे, तिला यात पडायचे नसेल तर पडू नये. पण पडली तर एक नियम पाळावा. मऊ विनाइलवर शेवटचा हात नेहमी पाण्यातल्या वार्निशचा द्यावा, तेलातल्या वार्निशचा कधीच देऊ नये. तेली वार्निश या प्लास्टिकवर वाळत नाही. वाळल्यासारखे दिसते, चमकते, आपण खूश होतो, आणि पंधरा-वीस दिवसांनी ते आतून चिकट होऊन वर येते. मग ते जन्मभर तसेच राहते. पुसून जात नाही, उन्हात ठेवून जात नाही. हा नियम मला पहिल्या वर्षापासून माहीत होता.

(परत उठलो. गोपिकाबाईने चहा ठेवला आहे.)

कलम ५. टेबलावर लोकांची चार कामे अर्धवट आहेत. ती आहेत तशी ज्याची त्याला परत करावीत. मी पुरी केली असे दाखवून माझे नाव त्यांखाली घालू नये. ज्याने काम केले त्याचेच नाव तळपायाखाली असावे, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

कलम ६. ~~माझी बहीण अंजू, राहणार अंकुशनगर, हिला माझी आठवण म्हणून एक चांगली पैठणी द्यावी.~~

हे कलम खोडले आहे. कारण नोंदवतो. चहा द्यायला आलेल्या गोपिकाबाईने माझ्या खांद्यावरून ते वाचले आणि कप टेबलावर ठेवला तो निम्मा बशीत सांडला.

"साडी?" ती म्हणाली. "अकरा वर्सं झाले, अन् तुम्ही साडी देऊन राह्यले?"

"मंग काय देऊ?"

"तिचं जे घेतलं ते द्या."

मी म्हणालो, काय घेतले मी तिचे? ती म्हणाली, "त्या दिवशी घरभर वास आल्ता वार्निशचा. मला काय ट्रॉलीच्या वार्निशचा वास कळत न्हाई? तुम्ही बोलले न्हाई, मंग मी बी गप बसले. माझं बी चुकलंच." आणि ती आत गेली. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षे झाली. अकरा वर्षे तिला हे माहीत होते, हे मला आज समजले.

कलम ७. हे कलम मी दोनदा लिहिले. पहिले पाकिटात घातले होते, पाकिटावर 'तेराव्यानंतर उघडावे' असे लिहिले होते. हे दुसरे.

सन २०१४ च्या पोळ्याच्या सुमारास बंगळूरच्या एका प्रदर्शनासाठी आम्हाला चोवीस बैलांचे काम आले. दोन पायांवर उभी कोरी खेळणी, त्यांना आम्ही शिंगे, वशिंड, झूल, बाशिंग केले. अंजू सासरहून अंकुशनगरहून येऊन महिनाभर इथे राहिली. अंगावरची नक्षी निम्मी तिची, आणि डोळे चोवीसच्या चोवीस तिचे. बैल दावणीला असताना मान न वळवता माणसाकडे बघतो, तशी ती नजर होती. मला तसा डोळा तेव्हाही येत नव्हता. तळपायाखाली आम्ही दोन नावे घातली, राधाकिसन आणि अंजू. मग तिच्या सासूचे दुखणे निघाले आणि ती परत गेली. फक्त वार्निश मारायचे राहिले होते, ते माझ्याकडे होते.

डबा उघडला तर पाण्यातले वार्निश फाटले होते. नवा डबा पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. पोहोचवायच्या तारखेला नऊ दिवस होते. म्हणजे वेळ होता, हे मी मुद्दाम लिहितो. वेळ होता. पण मला वाट बघता येत नाही. चार दिवस त्या चोवीस बैलांसमोर नुसते बसून राहायचे, हे मला झेपेना. मी मोटारसायकल काढली, भोकरदनला जाऊन ट्रॉलीच्या फळ्यांना मारतात ते तेली वार्निश आणले आणि दुपारपर्यंत सगळ्यांवर फवारले. म्हटले, पातळ मारले तर वाळेल. पूर्ण वाळायची वाटही पाहिली नाही, पेट्यांत भरले.

वीस दिवसांनी फोटो यायला लागले. बैलांच्या पाठीला पेटीतला कागद चिकटलेला. हाताला चिकटतात, धूळ धरतात, एका बैलाचा ओठ कपाटाच्या काचेला चिकटला. संग्राहकांच्या फोनवरच्या गटावर विचारणा झाली की हे कोणी केले. मी उभ्या उभ्या उत्तर लिहिले, "शेवटचा हात माझ्या बहिणीचा होता, तिने घाईत चुकीचे वार्निश वापरले, मी दिलगीर आहे." एवढेच. लिहायला एक मिनिटही लागले नसेल. त्यानंतर तिला एकही काम आले नाही आणि मला येत राहिले.

अंजूला हे तिच्या भाच्याने, म्हणजे राजानंदच्या हरिओमने, फोनवर वाचून दाखवले. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा, म्या त्या डब्याला हात तरी लावल्ता का?"

मी मान खाली घालून घासकागद घासत राहिलो.

"दादा, मी तुला विचारून राह्यले."

तेव्हा मी जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो, कारण वाक्य माझेच आहे. मी म्हणालो, "जाऊ दे ना अंजू. तुला कोण वळखतं तिकडं?"

ती पाणीही न घेता गेली. तेव्हापासून अकरा भाऊबीजा झाल्या, ती आली नाही. मीही गेलो नाही. ती आता अंकुशनगरकडच्या शाळांच्या भिंतींवर बाराखडी आणि प्राणी रंगवते, असे ऐकतो. मागे घनसावंगीला जाताना बसमधून एक भिंत दिसली, तिच्यावर बैल होता. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो. डोळा तोच होता. शाळा सुटेपर्यंत मी तिथे उभा होतो आणि मग परत आलो.

आणखी एक. मागील अकरा वर्षांत माझ्या कामाचे जे कौतुक झाले त्यात लोक 'राजूरचा डोळा' म्हणतात. तो अंजूचा आहे. मी तो तिच्या जुन्या कागदांवरून गिरवतो. मला तो अजून नीट येत नाही आणि हे बाहेरच्या कोणाला कळलेले नाही. मला मात्र दर खेळण्याला कळते. म्हणून माझे काम संपले तरी मी त्यापुढे थांबत नाही, लगेच दुसरे घेतो.

सबब, मी लिहून देतो की वार्निश मी मारले. खोटे मी बोललो. २०१४ च्या त्या बैलांपर्यंतचे सगळे काम दोघांचे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक खेळण्याचा डोळा अंजूचा मानावा. तिचे कागद, एकूण त्रेचाळीस, निळ्या फायलीत आहेत. ते तिचे तिला परत करावेत. ते मी तिला 'देत' नाही, ते माझे नव्हतेच. तिने माझ्याशी बोलावे, दवाखान्यात यावे अशी कोणतीही अट नाही. मी तिच्यावर अन्याय केला आणि मला त्याची लाज वाटते.

कलम ८. टेबलाच्या खालच्या खणात डब्यात एक बैल आहे, चोवीसपैकी. एका संग्राहकाने तो रागाने परत पाठवला होता. बाकीचे बहुतेक लोकांनी टाकून दिले असतील. हा अजून वाळलेला नाही. त्याच्या अंगावर धूळ आहे, एक चिलटाचा पंख आहे. उजव्या टाचेखाली, दोन नावांच्या शेजारी, वार्निशमध्ये एका अंगठ्याचा ठसा आहे. ओले असताना कोणीतरी तो पायाला धरून उचलला. त्या दिवशी अंजू अंकुशनगरला होती. त्या अंगठ्यावर तिरपा व्रण आहे, कटरचा. हा बैल अंजूस द्यावा.

कलम ९. अंमलबजावणी. पाकिटाचे मी गोपिकाबाईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेराव्याला वाचून दाखवायचं? तवर ती तुमच्या नावानं रडून बी बसंल. आधी रडू द्यायचं, मंग सांगायचं की कोणासाठी रडली?"

म्हणून असे ठरवतो : हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे, मात्र कलम ७ व ८ आज, माझ्या हयातीतच लागू समजावे. मी सोमवारनंतर जगलो तरी ते मला मागे घेता येणार नाही.

त्याप्रमाणे तृप्ती दुपारी घरी आली तेव्हा कलम ७ तिला वाचायला दिले. तिने वाचले. माझ्याकडे न बघता तिने त्याचा फोटो काढला आणि संग्राहकांच्या गटावर टाकायला घेतला. "आप्पा, पाठवू?" दोनदा विचारले. मी दोनदा पाठव म्हणालो. पाठवल्यावर मी अंगणात बारा फेऱ्या मारल्या. अजून कोणी काही लिहिलेले नाही. तृप्ती माझ्याशी बोलत नाही, तो तिचा हक्क आहे.

या कागदाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक घरात राहील. दुसरी प्रत, निळी फाईल आणि बैलाचा डबा आमचे पार्सलवाले आदिनाथ आजच्या शेवटच्या बसआधी घेऊन निघणार आहेत आणि अंजूच्या हातात देणार आहेत. दारात ठेवून येणार नाहीत.

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही :
१) आदिनाथ सखाराम खरात, पार्सल पोहोचवणारे, राजूर. (सही)
२) उषाबाई भगवान ठोंबरे, अंगणवाडी सेविका, राजूर. (सही)
दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहिले. उषाबाईंनी सगळे वाचून मगच सही केली आणि म्हणाल्या, "लई उशीर केला राधाकिसनभाऊ." हेही नोंदवावे.

ठिकाण : राजूर. गुरुवार, दिनांक ११ सप्टेंबर २०२५.

सही : राधाकिसन रामराव पडोळ

वकीलसाहेब म्हणाले होते की सही येत असेल तर अंगठ्याची गरज नाही. मी तरी उठवला आहे, दोन्ही प्रतींवर, डावा, आणि या वेळी शाई पूर्ण वाळेपर्यंत समोर बसून राहिलो. व्रण स्पष्ट आला आहे.

अंजू, बैल उलटा कर आणि ताडून बघ.